पहिल्या गेमसाठी इंजिन कोणतं घ्यावं? नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणाऱ्यांत डिप्लोमाची मुलं असतात, अंबडच्या कंपनीत शिफ्ट करून रात्री लॅपटॉप उघडणारे असतात आणि अधूनमधून एखादे पालकही. सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. गेम इंजिन म्हणजे नक्की काय? त्याच्याशिवाय गेम होतच नाही का?

चित्र पडद्यावर दाखवणं, कीबोर्ड किंवा बोटाचा स्पर्श ओळखणं, दोन वस्तू आदळल्या की नाही हे तपासणं, आवाज वाजवणं आणि शेवटी विंडोज किंवा अँड्रॉइडसाठी चालणारी फाइल बनवणं ही कामं प्रत्येक गेमला लागतात. ती आधीच करून ठेवलेला संच, वर मांडामांडीसाठी एडिटर, म्हणजे इंजिन.

त्याच्याशिवायही होतं. २०२४ साली गाजलेला बलाट्रो हा पत्त्यांचा गेम ‘लव्ह’ नावाच्या छोट्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर झाला. त्यात एडिटर नाही, नुसता लुआ भाषेतला कोड. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसाने एक्सएनए या फ्रेमवर्कवर उभा केला. पण हे दोघेही कोडिंगला सरावलेले होते. पहिल्यांदाच करणाऱ्याने इंजिन घ्यावं.

२. फार खोलात नको, एकच नाव सांगा. कोणतं घेऊ?

गोडो.

२डी गेम, साधा लॅपटॉप, खिशात पैसे नाहीत आणि थोडं कोडिंग शिकायची तयारी आहे, असं असेल तर इथेच वाचन थांबवून गोडो उतरवा. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच वर्णनात बसतात. अपवाद मात्र खरे आहेत: वर्षभरात नोकरी हवी असेल तर प्र. ७, कोड अजिबात नको असेल तर प्र. ४, नुसती गोष्ट सांगायची असेल तर प्र. ५, आणि डोक्यात भव्य ३डी असेल तर आधी प्र. ११.

३. माझ्याकडे आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही. काय चालेल?

गोडो आरामात चालेल. डाउनलोड शे-सव्वाशे एमबीच्या आत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून फाइलवर डबल क्लिक केलं की सुरू. नवा प्रोजेक्ट करताना रेंडररचे (पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचे) तीन पर्याय येतात: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कम्पॅटिबिलिटी. जुन्या मशिनवर कम्पॅटिबिलिटी निवडा. ‘गोडो उघडताच काळा पडदा दिसतो’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एवढ्यावर भागतं, कारण फॉरवर्ड प्लसला व्हल्कनसारखी नवी ग्राफिक्स यंत्रणा लागते आणि जुन्या चिपमध्ये ती धड नसते. गेम बाहेर काढण्यासाठीचे एक्सपोर्ट टेम्प्लेट वेगळे उतरवावे लागतात आणि ते जवळपास एक जीबीचे आहेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर डेटाचा हिशेब आधी करा.

युनिटी हे दुसरं मोठं इंजिन आठ जीबीवर उघडतं, पण शेजारी ब्राउझरमध्ये ट्युटोरियल चालू असलं की रडकुंडीला आणतं. अँड्रॉइडचं मॉड्यूल धरलं तर डिस्कवर दहा जीबीच्या आसपास जागा खातं. अनरिअल या भव्य ३डीच्या इंजिनाचा नाद या मशिनवर सोडा. त्यांची स्वतःची शिफारस ३२ जीबी रॅमची आहे.

थोडे पैसे असतील आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. मेहेर सिग्नलच्या आसपास कुठलाही दुरुस्तीवाला तासाभरात बसवून देतो. पहिल्या गेमसाठी ग्राफिक कार्डापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

लॅपटॉपच नसेल तर? गोडोचा एडिटर अँड्रॉइडवरही आहे. ओटीजीने माउस आणि कीबोर्ड जोडला तर शिकण्यापुरतं काम होतं. पूर्ण गेम त्यावर करणं शक्य असलं तरी डोळ्यांचे हाल होतात.

४. मला कोडिंगचा ‘क’ही येत नाही. तरी गेम होईल?

होईल. जीडेव्हलपमध्ये ‘खेळाडू नाण्याला भिडला तर गुण एकने वाढव’ अशी वाक्यं रांगेने मांडायची असतात. ते मोफत आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, ब्राउझरमध्येही चालतं. कन्स्ट्रक्टही याच धर्तीचं, जास्त घोटीव, पण मोफत प्रकार फार तोकडा आणि पुढे दर वर्षी वर्गणी. गेममेकरमध्ये ठोकळे ओढून सुरुवात करता येते आणि नंतर त्याच्याच भाषेकडे वळता येतं. अंडरटेल गेममेकरवरच झाला होता. अनरिअलमधले ब्लूप्रिंट म्हणजे चौकोनांना तारा जोडून केलेलं प्रोग्रॅमिंग. ते ताकदवान आहेत, पण त्यासाठी मशीन तेवढं हवं.

गोडोतही अशी सोय आहे असं जुन्या व्हिडिओत दिसेल. व्हिज्युअलस्क्रिप्ट आवृत्ती ४ मध्ये काढून टाकलं आहे, शोधत बसू नका.

एक गोष्ट लोकांना आवडत नाही तरी सांगतो. कोड टाळला तरी ‘दार कधी उघडायचं, किल्ली हातात असेल तर की तीन शत्रू मेल्यावर, आणि मरून परत आल्यावर ते उघडंच राहायचं का’ हा विचार टळत नाही. अडतं ते बहुतेक तिथेच. हा विचार जमणाऱ्याला गोडोच्या जीडीस्क्रिप्टसारखी सोपी भाषा लवकर जमते, म्हणून कोडची भीती हे एकच कारण असेल तर गोडोला एक संधी द्या.

५. मला फक्त गोष्ट सांगायची आहे. पात्रं, संवाद, वाचणाऱ्याने निवडायचे पर्याय. त्यासाठी एवढं सगळं शिकायचं?

नाही. रेनपाय घ्या. नाटकाची संहिता लिहावी तसं लिहायचं: पात्राचं नाव, त्याचा संवाद, मग पर्याय. मोफत आहे, विकायलाही आडकाठी नाही. डोकी डोकी लिटरेचर क्लब हा २०१७ चा गाजलेला गेम त्यावरच झाला. चित्रंसुद्धा नकोत, नुसता मजकूर पुरे, असं असेल तर ट्वाइनमध्ये एका संध्याकाळी काहीतरी उभं राहतं. मराठी मजकुरासाठी प्र. १० वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. सर, इंग्रजी कच्चं आहे. मराठीतून शिकायला काही आहे का?

फुटकळ व्हिडिओ आहेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेणारं फारसं नाही. हिंदीत युनिटीचं बऱ्यापैकी सापडतं, गोडोचं त्याहून कमी. अधिकृत माहिती शेवटी इंग्रजीतच वाचावी लागते. पण तिथली वाक्यं छोटी असतात आणि तेच चाळीस-पन्नास शब्द परत परत येतात.

इंग्रजीपेक्षा आवृत्तीचा घोळ जास्त लोकांना पाडतो. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं आणि आवृत्ती ३ मधली कितीतरी नावं बदलली. खेळाडूसाठी वापरायचा कायनेमॅटिक बॉडी नोड (नोड म्हणजे गेमचा एक घटक) आता कॅरेक्टर बॉडी झाला, थांबण्यासाठीचं ‘यील्ड’ जाऊन ‘अवेट’ आलं, खेळाडूला हलवणारं फंक्शन आता कंसात काहीच मागत नाही. जुना व्हिडिओ बघून अक्षर न् अक्षर उतरवलं तरी लाल रेघ येते आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. व्हिडिओ लावण्याआधी आवृत्ती बघा. पहिला आकडा जुळला पाहिजे.

चॅटबॉटकडून कोड घेतानाही हीच अडचण येते. तो आवृत्ती ३ आणि ४ ची सरमिसळ करून मोठ्या आत्मविश्वासाने देतो. विचारताना आवृत्तीचा आकडा लिहा आणि आलेली प्रत्येक ओळ काय करते हे सांगता येईपर्यंत ती प्रोजेक्टमध्ये चिकटवू नका. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम टाकताना, एआयने बनवलेली चित्रं, आवाज वगैरे वापरले असतील तर तसं जाहीर करावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

७. नोकरी तर युनिटीचीच मिळते म्हणतात. मग थेट तेच का नको?

नोकरी हाच हेतू असेल तर युनिटीच शिका. आपल्याकडच्या मोबाइल गेम कंपन्या मोठ्या प्रमाणावर युनिटी वापरतात, पुणे-बंगळुरूच्या जाहिराती चाळल्यात तर सी शार्प (युनिटीत वापरायची भाषा) आणि युनिटी हेच शब्द दिसतील. अनरिअलच्याही जागा असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये आणलेला राजी हा गेम अनरिअल ४ वर केलेला होता.

पण मुलाखतीत ‘काय करून दाखवलं’ हे आधी विचारतात. अर्धवट सोडलेले युनिटी प्रोजेक्ट घेऊन गेलेल्यापेक्षा गोडोत पूर्ण केलेला, कुणीही खेळू शकेल असा एक छोटा गेम घेऊन गेलेला उमेदवार बरा दिसतो. गोडोतून युनिटीत जाताना नोड, सीन, सिग्नल यांच्या जागी तिथल्या कल्पना येतात. नावं बदलतात, तर्क तोच राहतो.

८. युनिटीने मध्येच पैसे मागितले होते ना? आता विश्वास ठेवावा का?

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्या गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेऊ. जगभरच्या छोट्या गेमवाल्यांनी आगपाखड केली, नियम आधी सौम्य झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण रद्द झालं. आता युनिटी पर्सनल वर्षाला २ लाख डॉलरच्या उत्पन्नापर्यंत मोफत आहे आणि युनिटी ६ पासून सुरुवातीचा युनिटीचा लोगो दाखवण्याची सक्तीही नाही.

विश्वासाचं म्हणाल तर, तुमचा पहिला गेम २ लाख डॉलरच्या जवळपासही जाणार नाही, त्यामुळे तुमच्या खिशाला धोका नाही. मला खटकतं ते वेगळं. चालू प्रोजेक्टच्या अटी कंपनी मध्येच बदलू बघते हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. गोडोचा एमआयटी हा मुक्त परवाना असा मागे घेता येत नाही; हातात असलेली आवृत्ती कायमची तुमची.

९. बाकी इंजिनांना किती पैसे द्यावे लागतात?

गोडो, जीडेव्हलप, रेनपाय आणि डीफोल्डवर केलेल्या गेमच्या कमाईत कुणाचा वाटा नाही. युनिटीचं प्र. ८ मध्ये आलं. अनरिअल एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलर होईपर्यंत काही मागत नाही, त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के घेतं. गेममेकर शिकायला आणि फुकट वाटायला मोफत. विकायचं असेल तर एकदाच साधारण १०० डॉलर, कन्सोलसाठी (प्लेस्टेशनसारख्या यंत्रांसाठी) वेगळी वर्गणी.

पहिल्या गेमला इंजिनापेक्षा दुकानाचा खर्च आधी येतो. स्टीम प्रत्येक गेममागे १०० डॉलर घेतं आणि गेमने १,००० डॉलरचा धंदा केला की ते परत देतं. गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर. ॲपलचे दर वर्षी ९९ डॉलर. इच डॉट आयओवर गेम ठेवायला काही लागत नाही. स्टीमच्या कमाईवर अमेरिकेतल्या कराचा फॉर्म भरावा लागतो, त्यात पॅन लागतो. पैसे यायला लागले की सीएला गाठा.

१०. गेममधला सगळा मजकूर मराठीत हवा आहे. कुठल्याही इंजिनात चालेल ना?

नाही. आणि हे लोकांना फार उशिरा कळतं.

देवनागरी अक्षरं एकामागे एक ठेवून होत नाहीत. साठवताना ‘नाशिक’मधली वेलांटी ‘श’च्या नंतर येते, दाखवताना ती ‘श’च्या आधी न्यावी लागते. ही हलवाहलव आणि जोडाक्षरांची जुळणी करणारी पायरी इंजिनात नसेल तर वेलांटी जागच्या जागी उमटते, पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसते आणि पडद्यावर ‘नाशकि’ वाचलं जातं. ‘त्र्यंबकेश्वर’चं ‘त्‌र्‌यंबकेश्‌वर’ होतं.

म्हणून इंजिन ठरवण्याआधी एक मोकळा सीन (गेमचा एक पडदा) घ्या, त्यात मजकुराचं एक लेबल ठेवा आणि हे लिहा: नाशिक, त्र्यंबकेश्वर, किल्ला, कुऱ्हाड, अर्धांगिनी, ऑगस्ट. सोबत देवनागरी फॉन्ट जोडा. मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी चालतील. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, गेममध्ये घालून विकता येतात. एडिटरमध्ये नीट दिसलं म्हणून थांबू नका, ईएक्सई (विंडोजची फाइल) आणि एपीके (अँड्रॉइडची फाइल) काढून त्यातही बघा. ‘कुऱ्हाड’मधला र आणि ‘त्र्यं’ हे दोन शब्द पास झाले तर बाकी बहुतेक होतात.

गोडो ४ मध्ये ही जुळणी आतच आहे, गोडो ३ मध्ये नव्हती. मराठीसाठी आवृत्ती ४ च घ्या. अनरिअलही नीट दाखवतं. रेनपायच्या नव्या आवृत्त्या चालतात, जुन्या नाहीत. युनिटीत मजकूर दाखवायला सगळे जण वापरतात ते टेक्स्टमेशप्रो ही जुळणी करत नाही. युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमध्ये (बटणं-मजकूर मांडायच्या संचात) नवी मजकूर-यंत्रणा आली आहे, ती वरच्या शब्दांवर तपासून घ्या. नाहीतर जुन्या डीटीपी पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून वापरण्याची जुगाडं किंवा प्रत्येक वाक्याचं चित्र करून लावणं एवढंच उरतं. दहा बटणांच्या गेमला चित्रं चालून जातात. पाचशे संवादांच्या गेमला नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा परिणाम देवनागरीत विचित्र दिसतो: ‘क’ येतो, मग त्याला काना येतो, जोडाक्षर आधी सुटं दिसून मग जुळतं. गोडोच्या लेबलमध्ये अक्षरं जुळणीआधी मोजायची की नंतर, अशी सेटिंग आहे, ‘नंतर’वर ठेवा. दुसरं, इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात वरची रफार आणि खालचा उकार कापला जातो. बटणांची उंची सुरुवातीपासूनच थोडी जास्त धरा.

११. मला गोदाघाट किंवा रामशेज पूर्ण ३डीमध्ये उभा करायचा आहे. अनरिअलच लागेल ना?

इंजिनाचं नंतर बघू. आधी ब्लेंडर या ३डी मॉडेल करायच्या साधनात घाटाच्या दहा पायऱ्या, एक दीपमाळ आणि पाण्यात उभा असलेला एक माणूस करून बघा. त्या माणसाला चालताही आलं पाहिजे. याला किती वेळ गेला ते पाहा, म्हणजे रामकुंडापासून टाळकुटेश्वराच्या पुलापर्यंत मॉडेल करायला किती लागेल याचा अंदाज आपोआप येईल. ३डी गेम बहुतेक वेळा इथे बुडतात, इंजिनाची निवड तोपर्यंत आलेलीही नसते.

रामशेजची कल्पना मला स्वतःला फार आवडते. मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं दाद न देणारा लहानसा किल्ला, ही तटबंदी राखण्याच्या गेमला तयार गोष्ट आहे. पण तो वरून दिसणाऱ्या २डी नकाशावर केलात तर एका माणसाच्या आवाक्यात येतो आणि वेढ्याची घालमेल तिळमात्र कमी होत नाही.

तरीही ३डीच हवं आणि मशीन दणकट असेल तर हुबेहूब दृश्यांसाठी अनरिअल, साध्या रंगीत ठोकळेवजा शैलीसाठी गोडो किंवा युनिटी.

१२. गेम मोबाइलवरच खेळतील लोक. त्यासाठी वेगळं इंजिन लागतं का?

वेगळं नाही लागत. गोडो, युनिटी, डीफोल्ड, जीडेव्हलप सगळे अँड्रॉइडची फाइल काढतात. डीफोल्डच्या फाइल लहान होतात, लुआ चालत असेल तर विचार करा. गोडोतून एपीके काढायला जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके ही दोन साधनं बसवावी लागतात. ही जुळवाजुळव पहिल्यांदा डोकं उठवते, म्हणून गेम पूर्ण झाल्यावर नको, पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. घरातला सगळ्यात जुना फोन चाचणीला घ्या.

प्ले स्टोअरचा एक नियम पुष्कळांना शेवटी आडवा येतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. आधी हा आकडा २० होता. मित्रमंडळींना आताच सांगून ठेवा.

आयफोनसाठी मॅक लागतो. पहिल्या गेमला सोडून द्या.

१३. लिंक पाठवली की ब्राउझरमध्येच खेळता यावा, असं होईल?

होईल, आणि पहिल्या गेमसाठी हाच मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अनोळखी ईएक्सई कुणी उघडत नाही, लिंकवर सगळे टिचकी मारतात. गोडो, युनिटी, जीडेव्हलप, कन्स्ट्रक्ट चारही वेबसाठी गेम काढतात.

अपवाद मात्र बोचरे आहेत. गोडो ४ मध्ये सी शार्प वापरलं तर वेबसाठी गेम निघत नाही, जीडीस्क्रिप्टच हवं. अनरिअल ५ मध्ये वेबची सोयच नाही. आणि वेबवर आवाज खेळणाऱ्याने एकदा टिचकी मारल्याशिवाय सुरू होत नाही; तो ब्राउझरचा नियम आहे, तुमची चूक नव्हे. सुरुवातीला ‘खेळा’ असं बटण ठेवलं की प्रश्न मिटतो.

१४. आम्ही तिघं मित्र मिळून करतोय. इंजिन निवडताना काही वेगळं बघायचं का?

तिघांचं काम एकत्र कसं येणार ते बघा. पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ असे फोल्डर फिरायला लागले की समजावं, भांडण जवळ आलं. गिट, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवून सगळ्यांचं काम एकत्र करणारं साधन, पहिल्या दिवशी शिका.

गोडोचे सीन साध्या मजकुराच्या फाइल असतात, त्यामुळे गिटमध्ये काय बदललं ते वाचता येतं. युनिटीत प्रत्येक फाइलबरोबर एक मेटा फाइल असते; ती गिटमध्ये टाकायची विसरलात तर मित्राच्या मशिनवर सगळे दुवे तुटतात. अनरिअलच्या फाइल बायनरी असल्याने दोघांनी एकच नकाशा एकाच वेळी बदलला तर एकाचं काम पाण्यात जातं. गिटमधलं काम ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब, ते १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, त्यासाठी गिट एलएफएस लागतं.

तिघांचे लॅपटॉप वेगवेगळे असतील तर सगळ्यात कमजोर लॅपटॉपवर जे चालेल तेच इंजिन घ्या.

१५. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून गेम करायचाय. चालेल का, आणि कशात?

विषयाला मान्यता मिळणं तुमच्या मार्गदर्शकांवर. ‘गेम’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा ‘पायवाट शोधण्याच्या दोन पद्धतींची गेममध्ये तुलना’ असं काही लिहिलं तर मॅडम लवकर सही करतात, असा अनुभव आहे.

लॅबच्या मशिनवर ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही, तिथे गोडो कामाला येतं: पेनड्राइव्हवरून चालतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी एडिटर उघडून दाखवू नका. ईएक्सई आधीच काढून त्याच लॅबच्या मशिनवर चालवून बघा आणि खेळण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत ठेवा. वीज, प्रोजेक्टर, रंग गेलेला केबल, काहीही आडवं येतं.

१६. माझा मुलगा नववीत आहे. दिवसभर गेम खेळतो, आता बनवायचा म्हणतो. कुठून सुरुवात करू द्यावी?

बनवू द्या. स्क्रॅच (मुलांसाठीचं ठोकळ्यांचं प्रोग्रॅमिंग) त्याने शाळेत केलं असेल तर थेट जीडेव्हलप किंवा गोडो. केलं नसेल तर महिनाभर स्क्रॅच पुरे. महागड्या क्लासची पावती लगेच फाडू नका. आधी त्याला एक गेम पूर्ण करून आजीला खेळायला देऊ द्या. आजीला कुठलं बटण दाबायचं हे न सांगता कळलं, तर पोरगं बरंच काही शिकलं.

१७. बाजारातून तयार चित्रं-मॉडेल घेतली तर नंतर दुसऱ्या इंजिनात नेता येतात का?

परवान्यावर आहे. केनी या संकेतस्थळावरची चित्रं सीसी शून्य परवान्याची आहेत, कुठेही वापरा, नाव दिलं नाही तरी चालतं. अनरिअलसोबत येणारा नमुन्याचा पुतळा आणि तसली सामग्री मात्र अनरिअलबाहेर वापरता येत नाही. विकत घेताना ‘फक्त अमुक इंजिनासाठी’ असं लिहिलंय का ते वाचा. गूगलच्या इमेज शोधातून उचललेलं काहीही वापरू नका, सरावापुरतंही नको. ते शेवटपर्यंत तसंच राहून जातं.

१८. पहिलाच गेम ऑनलाइन मल्टिप्लेअर करायचा ठरवलाय. कोणतं इंजिन?

कोणतंही नाही. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा करा.

१९. रमीचा गेम केला तर?

रमीचे नियम वापरून निव्वळ करमणुकीचा गेम करायला हरकत नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला आहे, कौशल्याचा असो वा नशिबाचा. इंजिन कोणतंही असलं तरी हे बदलत नाही.

२०. गोडो की युनिटी, यातच महिना गेला. ठरतच नाही. काय करू?

एकच छोटी गोष्ट दोन्हींत करा, प्रत्येकाला एक शनिवार-रविवार. मी सुचवतो ती अशी: रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगीत पाण्याचा हौद. काठावर माणूस, स्पेसबार दाबला की उडी, पाण्यात पडला की रंग उडतो, काठावरच्या दगडावर आपटला की संपलं, गुण दिसतात, परत खेळता येतं. चित्रं नकोत, चौकोन पुरेत. शेवटी फाइल काढून मित्राला पाठवायची आणि त्याच्या मशिनवर चालली पाहिजे.

एवढ्यात इनपुट, टक्कर, आवाज, गुणांचा फलक, पुन्हा सुरू करणं आणि फाइल काढणं सगळं येतं. जे इंजिन रविवारी रात्री तुम्हाला मित्राच्या मशिनपर्यंत घेऊन गेलं ते तुमचं. दोन्ही पोचले तर जे परत उघडावंसं वाटलं ते. एकही पोचलं नाही तर गेम अजून लहान करा: रंग उडणं काढा, नुसती उडी ठेवा.

२१. निम्मा गेम झाल्यावर वाटतंय दुसरं इंजिन बरं होतं. बदलू का?

कंटाळा आला म्हणून बदलू नका. नव्या इंजिनातही निम्म्यावर आल्यावर तसाच येईल. बदलायला सबळ कारणं थोडीच: मराठी अक्षरं जुळतच नाहीत (प्र. १०), लिंकवर खेळायला द्यायचाय आणि वेबसाठी गेम निघतच नाही (प्र. १३), किंवा मशीन रोज बंद पडतंय (प्र. ३). चित्रं, आवाज, पातळ्यांचे आराखडे सोबत येतात. सीन आणि कोड नव्याने लिहावा लागतो.

कन्सोलसाठी बदलायचं म्हणत असाल तर थांबा. कन्सोलची साधनं गुप्ततेच्या करारात असल्याने ओपन सोर्स गोडोत ती नसतात, पण गेम कन्सोलवर चालेल असा करून (पोर्ट करून) देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या टप्प्यावर पोचाल तेव्हा बघू.

२२. काम चालू असताना इंजिनाची नवी आवृत्ती आली. लगेच अपडेट करू का?

शेवटचा आकडा बदलला असेल, म्हणजे ४.२.१ चं ४.२.२ सारखं, तर करा. त्यात फक्त दुरुस्त्या असतात. मधला आकडा बदलला असेल तर आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढा, प्रत नव्या आवृत्तीत उघडा, एक पातळी खेळून बघा आणि मगच ठरवा. पहिला आकडा बदलला असेल तर हा गेम जुन्याच आवृत्तीत पूर्ण करा. गेम प्रकाशित व्हायला पंधरा दिवस उरले असतील तर काहीच अपडेट करू नका, विंडोजसुद्धा.